टिचकी मारून पाहिलेला अणू

कामाला लागण्याआधी अर्धा तास अंधारात नुसतं बसून राहायचं, अशी त्या प्रयोगाची रीत होती. खोलीत दिवा नाही, उजेडाची फट नाही. डोळे अंधाराला पुरते सरावले की मगच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि झिंक सल्फाइडचा थर दिलेल्या लहानशा पडद्यावर चमकणारे ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे पडद्यावर येऊन आदळलेला एक अल्फा कण. चमक इतकी फिकी आणि क्षणिक की थकलेल्या डोळ्याला ती चुकायचीच. म्हणून थोडा वेळ मोजणी, मग विसावा, मग पुन्हा मोजणी. १९०९ साली मँचेस्टर विद्यापीठात हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन हे काम करत होते. मार्सडेन तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता.

अणूच्या आत काय दडलंय याची पहिली खरी खबर माणसाला या अंधाऱ्या खोलीतून मिळाली. ती अंधारातच मिळावी हे मला फार अर्थपूर्ण वाटतं, कारण उजेड इथे कामाचाच नव्हता.

का नव्हता, ते आधी पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात एखादी बांबूची काठी रोवलेली असते. समुद्राची लाट तिच्यावरून येते आणि पुढे जाते. काठी होती याची खूण लाटेवर राहत नाही. तीच लाट मोठ्या खडकावर आदळली तर फुटते, वळते, खडकामागे शांत पाण्याचा पट्टा उरतो. लाटेला तिच्या लांबीच्या मानाने फार लहान असलेली वस्तू जाणवतच नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५०० नॅनोमीटर, आणि तेवढ्या अंतरात सोन्याचे सुमारे सतराशे अणू एका ओळीत बसतात. म्हणजे प्रकाशाच्या लाटेपुढे अणू त्या काठीहूनही क्षुल्लक. भिंग कितीही उत्तम घासलं तरी ही अडचण सुटत नाही. ती भिंगाची नाहीच, प्रकाशाची आहे.

मग आतलं कळणार कसं? बाजारात कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. नारळ घेताना तो कानाशी धरून हलवतो. कडब्याच्या गंजीत पहार हरवली असेल तर बाहेरून काठी खुपसत जातो. दहा ठिकाणी काठी सरळ आत जाते, अकराव्या ठिकाणी खण्णकन अडते. डोळ्यांना न दिसणारं ओळखायची ही रीत प्रत्येक घरात आहे. काहीतरी आत पाठवायचं आणि परत काय येतं ते पाहायचं. अणूच्या बाबतीत शंभरहून अधिक वर्षं आपण हेच करत आलो आहोत, फक्त टिचकी बदलत गेली.

गायगर आणि मार्सडेन यांची टिचकी म्हणजे अल्फा कण. किरणोत्सारी पदार्थातून ते सेकंदाला पंधरा हजार किलोमीटरहून जास्त वेगाने सुटतात. समोर सोन्याचा पत्रा, मिठाईवरच्या वर्खाची आठवण व्हावी इतका पातळ. त्यांचे गुरू अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यासमोर तेव्हा अणूचं जे चित्र होतं ते जे. जे. थॉमसन यांचं. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला होता, आणि १९०४ मध्ये त्यांनी मांडलेला अणू बेदाणे घातलेल्या शिऱ्यासारखा होता: धनप्रभार सगळीकडे सारखा पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. अशा मऊ अणूंच्या थरातून जाताना अल्फा कणाला इकडून तिकडून हलके धक्के बसतील, इतकंच. जत्रेच्या गर्दीतून माणूस जसा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे ढकलला जात पलीकडे पोचतो, तसा तो पोचेल. गर्दीतल्या लहानसहान धक्क्यांनी कोणी एकदम उलटा फिरून आल्या वाटेने वेगात परतत नाही.

बहुतेक कण खरोखरच पलीकडे गेले. पण पत्र्याच्या अलीकडे, जिथे काहीच दिसायला नको, तिथे पडदा ठेवला तर तिथेही ठिपके चमकत होते. साधारण आठ हजारांत एक कण उलटा येत होता.

काठी कुठेतरी खण्णकन अडत होती. या आकड्याशी रदरफोर्ड दोनेक वर्षं झुंजले. इतक्या वेगाच्या कणाला एकाच टकरीत मागे फिरवायचं तर अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान एका अतिशय लहान जागेत एकवटलेलं असलं पाहिजे, हे त्यांनी १९११ मध्ये मांडलं. ते तिथेच थांबले नाहीत. कोणत्या कोनात किती कण वळतील याचं सूत्र त्यांनी दिलं, आणि गायगर व मार्सडेन यांनी पुन्हा अंधारात बसून, कोन बदलत, पत्र्याची जाडी बदलत, हजारो ठिपके मोजून १९१३ पर्यंत ते सूत्र पडताळलं. अणूच्या अंतरंगाचं पहिलं विश्वासार्ह चित्र विचाराल तर ते रेखाटन नव्हतं, आकड्यांचा तक्ता होता.

त्या तक्त्याचा अर्थ मनात उभा करायचा तर मोहरीचा एक दाणा घ्या, दोन मिलिमीटर जाडीचा. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक, म्हणजे एक प्रोटॉन, या दाण्याएवढा फुगवला असं समजू. मग इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेलं अंतर किती? सुमारे त्रेसष्ट मीटर. वानखेडे स्टेडियमवर खेळपट्टीच्या मध्यावर मोहरी ठेवली तर ते अंतर जवळपास सीमारेषेपाशी जातं. मैदानभर इतर काही नाही, आणि अणूचं जवळपास सगळं वजन त्या मोहरीत. ते वजनही असं, की खरोखरीची मोहरीएवढी जागा केंद्रकातल्या द्रव्याने ठासून भरली तर तिचं वजन साधारण दहा लाख टन भरेल.

शाळेत वहीवर बांगडी ठेवून मी अणूची वर्तुळं काढायचो तेव्हा केंद्रकासाठी पेन्सिलीने ठसठशीत गोळा काढायचो. प्रमाणात काढायचा तर कागदावर तो उमटलाच नसता. पुस्तकातल्या आकृतीत ही तडजोड करावीच लागते, पण ती तडजोड आहे हे कोणी सांगत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

केंद्रक सापडल्यावर त्याच्या आत पाहायची ओढ लागणं साहजिक होतं. त्यासाठी आणखी बारीक टिचकी हवी होती. कणाची ऊर्जा वाढवली की त्याची तरंगलांबी घटते, म्हणजे बारीक गोष्टी जाणवू लागतात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टॅडटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकांवर सोडले आणि ते किती कोनात विखुरतात हे मोजलं. दिसलं ते असं, की केंद्रक म्हणजे गुळगुळीत गोळी नव्हे. मधला गाभा सगळीकडे सारख्याच घनतेचा, पण काठ धुकट. घनता एकदम न तुटता सुमारे अडीच फेमटोमीटरच्या पट्ट्यात उतरत जाते. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेमटोमीटर. हलक्या केंद्रकापासून जड केंद्रकापर्यंत या काठाची जाडी जवळपास तेवढीच राहते. हॉफस्टॅडटर यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

पुढे स्टॅनफर्डलाच तीन किलोमीटर लांबीचा सरळ प्रवेगक उभा राहिला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडॉल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने त्यातून इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले. प्रोटॉन आतून मऊ, पसरट असता तर इलेक्ट्रॉन थोडेसे वळून निघून गेले असते. पण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात उसळून आले. साठ वर्षांनी मँचेस्टरचीच गोष्ट पुन्हा घडली: मऊ वाटलेल्या वस्तूच्या पोटात कठीण बिंदू. मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये कागदावर मांडलेले क्वार्क ते हेच. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

मोहरीच्या पोटात काय आहे हे असं कळलं. पण मैदानाचं काय? तिथे इलेक्ट्रॉन काय करतो?

ग्रह सूर्याभोवती फिरतात तसे इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात, हे उत्तर इतकं सुबक आहे की आजही अणूचं नाव काढलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. जपानचे हांतारो नागाओका यांनी तर केंद्रक सापडण्याआधीच, १९०४ मध्ये, शनीच्या कड्यांसारखा अणू सुचवला होता. पण फिरणारा प्रभारित कण प्रकाश फेकत राहतो, ऊर्जा गमावतो. हिशेब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच केंद्रकात कोसळायला हवा. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांचाच नियम घालून हे कोसळणं थांबवलं. त्या नियमातून हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा, ६५६ नॅनोमीटरची लाल आणि तिच्या बहिणी, अचूक मिळाल्या. पण दोनच इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशी हे चित्र अडखळलं, आणि १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग, श्रोडिंगर आणि बॉर्न यांच्या कामाने कक्षा नावाची रेघच पुसून टाकली. तिच्या जागी आली एक लाट, आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची किती शक्यता आहे हे त्या लाटेवरून कळू लागलं.

लाट म्हटल्यावर समुद्र आठवतो, पण अणूतली लाट बांधलेली असते. तिचं खरं नातं तबल्याच्या पुडीशी आहे. पुडी काठाने ताणलेली असल्यामुळे ती वाटेल तशी हलू शकत नाही, तिच्या हलण्याच्या ठरावीकच तऱ्हा असतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला-मृदंगाच्या नादाचा फार बारकाईने अभ्यास केला होता. पुडीवर बारीक वाळू पसरायची आणि आघात करायचा. पुडी जिथे हलत नाही तिथे वाळू जमते आणि रेघा उमटतात. कधी एक आडवी रेघ, कधी एक वर्तुळ, कधी दोन्ही. एकेका स्वराला एकेक नक्षी.

इलेक्ट्रॉनच्या लाटेलाही अशाच नक्ष्या आहेत, फक्त त्या पुडीच्या पातळीत न राहता सगळ्या दिशांना पसरतात. हायड्रोजनच्या सर्वांत शांत अवस्थेत नुसता गोल ढग असतो, मध्याकडे दाट, बाहेर विरळ. त्याच्या वरच्या एका अवस्थेत मध्ये एक पोकळ कवच येतं, जिथे इलेक्ट्रॉन सापडत नाही. दुसऱ्या एका अवस्थेत ढगाचे दोन फुगे होतात आणि त्यांच्यामधून कोरी पातळी जाते; त्याला डमरूचा आकार म्हणायची पद्धत आहे. आणखी वर गेलं की चार पाकळ्या. न हलणाऱ्या रेघांवरून स्वर ओळखावा, तशी या कोऱ्या जागांवरून अणूची अवस्था ओळखता येते.

हे ढग लोकांना दिसावेत म्हणून १९३१ मध्ये अमेरिकेत हार्वे व्हाइट यांनी एक सुंदर उद्योग केला. यांत्रिक प्रतिकृती गरगर फिरवून त्यांनी तिची छायाचित्रं घेतली, आणि कागदावर मऊ, धुरासारखे ढग उमटले. संगणक नसलेल्या काळात पिढ्यान्‌पिढ्यांनी अणूचे आकार या छायाचित्रांतून डोळ्यांत साठवले. ती छायाचित्रं मला अजूनही आजच्या रंगीत चित्रांपेक्षा जास्त आवडतात.

पण त्यांच्यामुळे एक गैरसमजही बळकट झाला असावा. फिरणाऱ्या पंख्याची पाती जशी सलग चकती दिसतात तसा इलेक्ट्रॉन इतक्या जोरात फिरतो की ढगासारखा दिसतो, असं वर्गावर्गांतून सांगितलं जातं. हे चूक आहे. पंख्याचं पातं कोणत्याही क्षणी एका ठिकाणी असतंच, झटपट फोटो काढला तर ते पकडता येतं. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत मात्र इलेक्ट्रॉनच्या कक्षीय गतीचा कोनीय संवेग शून्य असतो. तो केंद्रकाभोवती फिरतच नाही. ढग जागच्या जागी तसाच असतो, आज, उद्या, कोट्यवधी वर्षं. चित्र काढायची युक्ती आणि अणूचं वागणं यांची इथे गल्लत झाली.

तसंच ‘अणू आतून पोकळ असतो’ हे वाक्य. मोहरीचं उदाहरण देऊन मीही वाचकाला त्याच वाटेला लावलं, म्हणून ते सुधारायला हवं. वजनाच्या दृष्टीने मैदान रिकामं आहे, पण ते इलेक्ट्रॉनच्या लाटेने भरलेलं आहे. टेबलावर हात टेकला की तो आरपार जात नाही, याचं कारण हीच लाट. एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉनना जागा नसते, म्हणून दोन अणूंचे ढग एकमेकांत घुसू पाहतात तेव्हा ते जबरदस्त विरोध करतात. रिकाम्या मैदानाने इतका विरोध केला नसता.

एवढं सगळं कळूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी एकटा अणू पाहिलेला नव्हता. तो मान ज्याच्या वाट्याला आला त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटलं नाही, आणि ते भेटायला हवं होतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्यूलर यांच्या हाताखाली कंवर बहादुर हा भारतीय विद्यार्थी पीएच.डी. करत होता. टंगस्टनच्या सुईचं टोक नॅनोमीटरांत मोजावं इतकं बारीक तासायचं, ते द्रवरूप नायट्रोजनने थंड करायचं, भोवती किंचित हेलियम वायू ठेवायचा आणि सुईला प्रचंड धन विद्युतदाब द्यायचा. टोकावर जिथे अणू पुढे आलेला असतो तिथे हेलियमच्या अणूचा इलेक्ट्रॉन ओढला जातो आणि उरलेला आयन थेट समोरच्या पडद्याकडे झेपावतो. सुईचं टोक अतिसूक्ष्म आणि पडदा लांब. मधल्या प्रवासातच चित्र दहा लाख पट मोठं होतं, भिंग लागत नाही. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी पडद्यावर टंगस्टनचे अणू वेगवेगळे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडलेले दिसले.

१९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी दुसरी वाट काढली. अणूइतकी टोकदार सुई पृष्ठभागाला न टेकवता त्याच्या इतकी जवळ न्यायची की मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन झिरपू लागतील. फट अणूच्या अर्ध्याएवढी जरी वाढली तरी प्रवाह दहा पटींनी घटतो, म्हणून सुईला पृष्ठभागाचा चढउतार आंधळ्या माणसाच्या बोटाइतका नेमका जाणवतो. १९९३ मध्ये डॉन आयग्लर यांच्या गटाने अशाच सुईने तांब्यावर लोखंडाचे ४८ अणू एकेक सरकवून रिंगण केलं, आणि रिंगणाच्या आत इलेक्ट्रॉनच्या लाटेची वर्तुळं उमटली, तबल्याच्या पुडीवर उमटावीत तशी. ते चित्र फार गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. तरीही त्या लाटा तांब्याच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनच्या. अणूच्या आतला ढग अजून झाकलेलाच होता.

मध्यंतरी ऑक्सफर्डमधलं एक छायाचित्र सर्वत्र फिरलं. विद्युतक्षेत्रात अडकवलेला स्ट्रॉन्शियमचा एकच आयन, साध्या कॅमेऱ्याने टिपलेला, जांभळट निळा ठिपका. तो एकच अणू आहे हे खरं, पण दिसतो तो त्याने लेझरचा उजेड पिऊन पुन्हा फेकलेला प्रकाश. आकाशातल्या ताऱ्याच्या लुकलुकीवरून ताऱ्याचा आकार कळत नाही, तसं ते आहे.

आतल्या ढगाचं चित्र २०१३ मध्ये आलं, आणि तेही हायड्रोजनचं. ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगशाळेत आनेटा स्टोडोल्ना, मार्क व्राकिंग आणि सहकाऱ्यांनी ते घेतलं. कल्पना मूळची १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या सोव्हिएत सिद्धांतकारांची. हायड्रोजनचे अणू विद्युतक्षेत्रात सोडायचे आणि लेझरने त्यांना इतकं चेतवायचं की ढग हजार पट फुगून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या बेताला येईल. मग तो सुटतो आणि क्षेत्राच्या ओढीने दूरच्या पडद्यावर जाऊन आदळतो. वाटेत विद्युतभिंग चित्र आणखी मोठं करतं, पण नक्षी मोडत नाही.

एका अणूमागे पडद्यावर एक ठिपका, आणि तो ठिपका देताना अणू मोडतो. म्हणून या चित्राला एकच अणू कधीच पुरत नाही. एकामागून एक अगणित अणू मोडत राहतात, ठिपके साठत जातात, आणि अल्फा कणांच्या त्या जुन्या मोजणीसारखंच संख्येतून रूप उगवतं. प्रसिद्ध झालेल्या मालिकेत चार अवस्था होत्या. गणिताने त्यांच्यासाठी कोऱ्या वलयांची संख्या आधीच सांगून ठेवली होती: शून्य, एक, दोन, तीन. पडद्यावर पहिल्या चित्रात मधोमध उजळ ठिपका होता. दुसऱ्यात त्याभोवती एक काळं वलय. तिसऱ्यात दोन. चौथ्यात तीन.